निळा कोपरा

सेनापती बापट रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर,
माझ्या चष्म्यावर त्यांनी दुसरा चष्मा चढवला,
अंबाडा जरा खाली सरकवायला लावला
आणि म्हणाले, मॅडम, आता तुम्ही वर्गात आहात.

होते खरी.
चोवीस मुलं. चोवीसच!
सगळ्यांचे भांग सरळ, सगळ्यांची बटणं शाबूत,
आणि वास नाही कसलाच.
मधल्या सुट्टीनंतरची खिचडी, ओले मोजे, खोबरेल,
यांच्याशिवाय वर्ग म्हणजे
मीठ विसरलेलं वरण.

सवयीनं म्हटलं,
हाताची घडी, तोंडावर बोट.
चोवीस चेहरे गोड हसले.
हे वाक्य त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.
हवेत लाल अक्षरं उमटली :
आवाजाची पातळी जास्त.

सात नंबरचा मुलगा दर दीड मिनिटाला
कागदाचं विमान सोडत होता.
मी जवळ गेले, म्हणजे हातातलं बटण दाबलं,
वाकून विचारलं, काय रे, झोप झाली नाही का?
घरी कुणी आजारी आहे?
तो पापणी लववून पुढच्या विमानाला लागला.
निनादला विचारलं, तो आमचा प्रशिक्षक,
माझ्या थोरल्याहून दोनच वर्षांनी मोठा,
हा असं का करतो रे?
कारण असं काही नाही, मॅडम.
तशी सेटिंग आहे.

शेजारी बिडकरबाई भिंतीला दटावत होत्या.
पीटीचे सर रिकाम्या हवेत
कुणाचा तरी कान चाचपत होते,
मिळत नव्हता.
चष्मा वर करून मी हे पाहिलं आणि इतकी हसले
की माझे दोन गुण गेले.

निकाल : शंभरात एकसष्ट.
शेरा : डाव्या मागच्या कोपऱ्याकडे लक्ष नाही.
सोबत एक नकाशा.
जिथं माझी नजर गेली तिथं तांबडं,
पुढचे बाक तर जळतच होते,
आणि दाराकडचा मागचा कोपरा
निळाशार,
हात न लावलेला.

म्हटलं, मशीनच ते, त्याला काय कळतं.
म्हटलं, वर्गच खोटा होता.
डेक्कनपासून दांडेकर पुलापर्यंत
बसमध्ये उभ्या उभ्या हेच म्हणत आले.

सकाळी हजेरी.
पटावर बावन्न, तीन गैरहजर,
एकाला एक नंबरला जायचंय,
दोघांना त्याच्यासोबत.
शिकवता शिकवता मी स्वतःच्याच डोळ्यांवर पाळत ठेवली.
कुठं जातात मेले?
यज्ञेशच्या वहीवर. पुन्हा यज्ञेशच्या वहीवर.
रोहिदासच्या खोड्यांवर, खिडकीतल्या पर्वतीवर,
घड्याळावर.
दाराकडच्या मागच्या बाकावर नाही.

तिथं एक मुलगी बसते.
नावासाठी हजेरीपट चाळावा लागला,
आणि नोकरी एकोणीस वर्षांची.
दिव्यानी वाघमोडे.
त्रास नाही, प्रश्न नाही, उलट उत्तर नाही.
शहाणी, असा शेरा मीच दिलाय दिवाळीआधी.

गेले तिच्या बाकाशी,
बटण न दाबता, दप्तरं ओलांडत.
तिनं वहीवर पंजा ठेवला.
काय लिहितेस?
हिचं बघून, बाई.
फळ्यावरचं का नाही?

ती काही बोलली नाही. जराशी सरकली,
मला जागा केली.
गुडघे बाकात मावेनात, तरी बसले.
दारातून आलेली उन्हाची तिरीप
थेट फळ्यावर पडली होती,
आणि माझं ते वळणदार अक्षर,
तारखेपासून सुविचारापर्यंत,
सगळं नुसतं चकाकत होतं.

पुढं खुर्ची रिकामी.
अख्खा वर्ग माना वळवून
आमच्याकडे बघत होता.